सर, आमच्या पाण्याले त चव हाये!



"शुद्ध पाणी रंगहीन, गंधहीन व चवहीन असते." हे वाक्य मी इतक्या वर्षांत किती वेळा फळ्यावर लिहिलं असेल याचा हिशोब नाही. मुलं लिहून घेतात, परीक्षेत एक गुण मिळवतात, विषय संपतो. दोन वर्षांपूर्वी मात्र तो संपला नाही. मी वाक्य लिहून वळलो तर मागच्या बाकावरच्या एका मुलीचा हात वर.

"सर, आमच्या पाण्याले त चव हाये."

वर्ग हसला. मीही हसलो, हे आधी कबूल करतो. मग विचारलं, "कशी चव?"

"खारी. चहा बी खारा लागते. पावन्याले आम्ही घरचं पानी नाही देत, कॅनचं देतो."

आमची शाळा संग्रामपूर तालुक्यात, म्हणजे बुलडाणा जिल्ह्याच्या भाषेत 'घाटाखाली'. जिल्ह्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्या जिल्ह्याचे सरळ दोन भाग आहेत. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर चिखली, मेहकर, लोणार हे घाटावरचे तालुके. खाली पूर्णा नदीच्या खोऱ्यात शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हे घाटाखालचे. या खोऱ्यातला अमरावती, अकोला आणि बुलडाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरलेला सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा भाग 'खारपाण पट्टा' म्हणून ओळखला जातो. इथं विहीर खोदा की बोअर मारा, पाणी लागतं, पण खारं. पिकाला दिलं तर जमीन चोपण होते. प्यायलं तर तहान भागत नाही.

त्या मुलीच्या घरी तिच्या आजोबांना मूत्रपिंडाचा आजार आहे. आमच्या भागात ही गोष्ट नवी नाही. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या तालुक्यांत असे रुग्ण अनेक गावांत आहेत आणि लोक त्याचा दोष पाण्याला देतात. उष्णता, औषधं, मधुमेह, रक्तदाब अशी इतरही कारणं डॉक्टर सांगतात. पण घरात डायलिसिसचा पेशंट असला की पाण्याचा तांब्या साधा राहत नाही. कुठलं पाणी, किती पाणी, हा रोजचा प्रश्न होतो. मी फळ्यावर 'चवहीन' लिहीत होतो आणि तिच्या घरात पाण्याची चव हाच काळजीचा विषय होता.

त्या वर्षीची सहल लोणारला न्यायचं ठरलं तेव्हा माझ्या मनात हाच धडा होता. मुलांना खारं आणि गोडं पाणी एकाच ठिकाणी दाखवू, असं म्हटलं.

पहाटे बस निघाली. शेगाव, खामगाव, मग घाट चढून मेहकर आणि लोणार. सरोवराची माहिती बहुतेकांना आहेच. अवकाशातून आलेल्या अशनीच्या आघातानं इथल्या काळ्या बेसाल्ट खडकात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर तयार झालं. कडेवर उभं राहिलं की तळातलं हिरवट पाणी साधारण दीडशे मीटर खाली दिसतं. विष्णूनं लवणासुराला इथं मारलं ही कथा गावातला प्रत्येक जण सांगतो. असुराच्या नावातच 'लवण' म्हणजे मीठ आहे. विज्ञानाची उपकरणं येण्याच्या कितीतरी आधी लोकांनी या पाण्याची चव ओळखली होती, हे मी मुलांना आवर्जून सांगितलं.

विवराच्या कडेवर, गावाच्या बाजूला, गोमुखाचं ठिकाण आहे. लोक त्याला 'धार' म्हणतात. खडकातून येणारं पाणी गोमुखातून बारमाही पडत असतं. भाविक ते तीर्थ म्हणून घेतात, बाटल्या भरून नेतात. आम्ही शाळेतून सामू मोजायचे कागद आणि खिशात मावणारा टीडीएस मीटर नेला होता. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं एकूण प्रमाण. धारेच्या पाण्यात कागद बुडवला, तो उदासीनच्या आसपासचा हिरवा रंग दाखवत होता. मीटरवर काहीशे मिलिग्रॅम आकडा आला. मुलांनी वहीत नोंदवला.

मग खाली उतरलो. सरोवराच्या काठी कागद बुडवला तो गडद निळा झाला. इथल्या पाण्याचा सामू १०च्या आसपास असतो. सामू एकानं वाढला म्हणजे पाणी दहापट अधिक आम्लारिधर्मी, हे वर्गात शिकवलेलं होतं, पण निळा झालेला कागद हातात धरल्यावर ते मुलांना खरं वाटलं. मीटरचा आकडा हजारांच्या घरात गेला तेव्हा तर पोरांनी आरडाओरडाच केला. २०२० साली जूनमध्ये हे सरोवर गुलाबी झालं होतं, हे त्यांना आठवत होतं. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तसं झालं, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तपासून सांगितलं होतं.

"सर, वरचं पानी गोड अन् खालचं खारं, असं काहून?"

हा प्रश्न त्याच मुलीचा. सहलीचं चीज झालं असं मला वाटलं. तिथंच दगडावर बसून समजावलं ते इथं थोडक्यात देतो, कारण आपल्या वर्गात उपयोगी पडेल.

पाऊस दोन्हीकडे सारखाच पडतो. त्याचं पाणी बेसाल्टच्या भेगांतून, सच्छिद्र थरांतून झिरपत जातं. खाली घट्ट थर लागला की अडतं आणि उतारावर जिथं वाट मिळेल तिथून बाहेर येतं. तोच झरा. या प्रवासात खडकातले कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, बायकार्बोनेट थोडे थोडे त्यात विरघळतात. म्हणून झऱ्याचं पाणीही 'चवहीन' नसतंच. त्याला जी चव असते तिलाच आपण 'गोड' म्हणतो. हेच पाणी पुढं वाहत सरोवरात जातं. पण सरोवराला बाहेर जायला वाट नाही. उन्हानं पाणी उडून जातं, क्षार मागं राहतात. पुढच्या वर्षी नवं पाणी, नवे थोडे क्षार. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बरेचसे चुन्यासारखे खाली बसतात, सोडियम पाण्यातच राहतो. हजारो वर्षं असं झालं की तयार होतं ते सोडा विरघळवल्यासारखं पाणी. म्हणजे सरोवर आणि धार यांचं पाणी मुळात परकं नाही. एकाला पुढं जायला वाट आहे, दुसऱ्याला नाही.

"मंग आपल्या गावचं बी तसंच हाये का?"

बऱ्याच अंशी हो. पूर्णेच्या खोऱ्यात गाळाचे जाड थर साचलेले आहेत, माती चिकण आहे, उतार कमी आहे. पाण्याचा निचरा नीट होत नाही आणि जुने क्षार धुऊन जात नाहीत. सरोवर डोळ्यांना दिसतं, आपलं जमिनीखाली आहे, इतकाच फरक, असं मी म्हणालो. ते वाक्य मुलांना फार आवडलं.

इथपर्यंत सगळं छान होतं. आता माझी चूक सांगतो.

परत वर चढून आलो तेव्हा सगळे घामाघूम झाले होते. मी माझी बाटली धारेखाली धरली, भरली आणि मुलांसमोर घटाघटा प्यायलो. वर म्हणालो, "हे बघा, डोंगरातून गाळून आलेलं शुद्ध पाणी. यापुढं तुमचा फिल्टर काय करणार!" पोरांनीही बाटल्या भरल्या.

बसमध्ये बसताना पाहिलं तर त्या मुलीच्या मांडीवर पाच लिटरचा कॅन होता. सकाळी त्यातून सहलीचं पिण्याचं पाणी आणलं होतं. तो रिकामा झाल्यावर तिनं धारेचं पाणी भरून घेतलं होतं.

"कोणासाठी गं?"

"आबासाठी. तुमी म्हनले ना, शुद्ध हाये."

मला घाटातल्या वळणांवर झोप लागली नाही. मी काय तपासलं होतं? सामू आणि टीडीएस. या दोन आकड्यांवरून पाणी फार खारं नाही एवढंच कळतं. त्यात जंतू आहेत का, नायट्रेट किती आहे, यातलं काहीही या दोन वस्तू सांगत नाहीत. धार येते ती गावाच्या बाजूनं. झऱ्याच्या वर आणि भोवती घरं असली, संडासाचे खड्डे, गोठे, शेतं असली, तर त्यांचं झिरपलेलं पाणीही त्याच भेगांतून उतरू शकतं. डोंगर पाणी गाळतो हे आपण सहज म्हणतो. वाळूचा थर थोडंफार गाळतो, पण बेसाल्टच्या भेगा म्हणजे नळ्याच. त्यातून पाणी पटकन वाहतं आणि सोबत जे असेल ते घेऊन येतं. माझ्या घरी गाळणीचा प्रयोग शिकवताना वाळू, कोळसा, खडे असे थर लावतो. निसर्गात प्रत्येक झऱ्यामागे तसे थर असतीलच असं नाही.

आणि मी हे एका मूत्रपिंडाच्या पेशंटच्या नातीला 'शुद्ध' म्हणून सांगून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिच्या घरी गेलो. कॅन देवघराजवळ ठेवलेला होता. आजीनं सांगितलं, "तीर्थ म्हनून चमचाभर देल्लं त्याइले. बाकीचं राखून ठेवलं." मी हात जोडून म्हणालो, "आजी, हे पाणी आबांना पुन्हा देऊ नका. चूक माझी आहे, पोरीची नाही. मी न तपासता बोललो." आबा खाटेवरून हसले. म्हणाले, "मास्तर, डाक्टरनं पानी मोजूनच द्याले सांगतलं हाये. गोड असो का खारं, मले गिलासभरच भेटते." मी काय बोलणार?

त्या कॅनमधलं थोडं पाणी आम्ही शाळेत तपासलं. आपल्या बहुतेक ग्रामपंचायतींकडे पाणी तपासण्याची क्षेत्रीय संचाची पेटी असते. १५ ऑगस्ट २०१९ला जाहीर झालेल्या जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या महिलांना ती वापरायचं प्रशिक्षण दिलं गेलं. आमच्या गावच्या एका ताईंनी पेटी आणली. जंतूंच्या तपासणीची छोटी बाटली असते. तिच्यात खुणेपर्यंत पाणी भरायचं आणि एक-दोन दिवस ठेवायचं. पाणी काळं झालं तर त्यात विष्ठेतून येणारे जंतू असण्याची शक्यता.

दुसऱ्या दिवशी बाटली काळी झाली.

वर्गात एकच गलका. "धारेचं पानी खराब!" पण ताईंनी पोरांना थांबवलं. "कॅन उकळत्या पान्यानं धुतला होता का? त्यात सकाळी कोनतं पानी होतं? किती हात लागले त्याले?" उत्तर कुणाकडेच नव्हतं. म्हणजे दोष झऱ्याचा, की कॅनचा, की सकाळच्या पाण्याचा, हे सांगताच येत नव्हतं. नमुना घेताना बाटली निर्जंतुक हवी, झाकणाच्या आत बोट जाता कामा नये, बाटलीवर ठिकाण, तारीख, वेळ लिहायला हवी आणि नमुना लवकर तपासायला हवा. यातलं आम्ही काहीच केलं नव्हतं. मी झऱ्याला न तपासता शुद्ध म्हणालो होतो आणि आता वर्ग त्याला पुराव्याशिवाय अशुद्ध म्हणायला निघाला होता. दोन्ही चुका एकाच जातीच्या.

त्या आठवड्यात मी बरंच वाचलं. बिसलेरी असो वा दुसरी कुठली, बाटलीबंद पाण्याच्या जाहिरातीत बर्फाचा डोंगर हमखास दिसतो, म्हणून उंच डोंगरातल्या झऱ्यांबद्दल शोधलं. आल्प्ससारख्या पर्वतांत 'दगडी हिमनदी' नावाचा प्रकार असतो. वरून पाहिलं तर नुसता दगडगोट्यांचा ढिगारा, पण आत बर्फ गोठलेलं असतं आणि तो सगळा ढिगारा वर्षाला थोडा थोडा उताराकडे सरकतो. त्याच्या पायथ्याशी थंडगार, काचेसारखे स्वच्छ झरे निघतात. आता तापमान वाढतंय, आतलं बर्फ वितळतंय. इटलीच्या दक्षिण टिरोल भागात अशाच एका दगडी हिमनदीखालच्या तळ्याच्या पाण्यात संशोधकांना निकेल या धातूचं प्रमाण पिण्याच्या मर्यादेच्या दहापटीहूनही जास्त आढळलं. आसपास कारखाना नाही, वस्ती नाही. खडकातलाच धातू बर्फाच्या पाण्याबरोबर बाहेर आला. चव नाही, रंग नाही, वास नाही. माझ्या फळ्यावरच्या व्याख्येत हे पाणी पैकीच्या पैकी गुण मिळवून पास!

आपल्या बेसाल्टच्या झऱ्यांचा प्रश्न निकेलचा नाही, तो वेगळा आहे. पण मुद्दा तोच. खारेपणा जिभेला कळतो, म्हणून आपण खाऱ्या पाण्याला घाबरतो. नायट्रेट जिभेला कळत नाही. ते खतांतून, शेणखड्ड्यांतून, संडासाच्या खड्ड्यांतून येतं आणि लहान बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता कमी करतं. पाणी उकळलं तर जंतू मरतात, पण नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटल्यामुळे त्याचं प्रमाण थोडं वाढतंच. ही गोष्ट माझ्या सहकारी शिक्षकांपैकीही अनेकांना नवी होती.

आमच्या जिल्ह्याला हा धडा पुन्हा एकदा मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. सगळ्यांनी पहिलं बोट पाण्याकडे दाखवलं. तपासणीत काही ठिकाणी नायट्रेट आणि क्षार मर्यादेबाहेर निघालेही. पण पुढं रुग्णांच्या रक्तात सेलेनियम जास्त आढळलं आणि चर्चा गव्हाकडे वळली. म्हणजे पाणी खराब होतं हे खरं, पण केस त्यामुळेच गळाले असं त्यावरून ठरत नव्हतं. माझी तीच विद्यार्थिनी तेव्हा म्हणाली, "सर, एका बाटलीत सगळे जवाब नसतात." हे मला पाठ करावंसं वाटलं.

आता मी फळ्यावर काय लिहितो? 'रंगहीन, गंधहीन, चवहीन' हे लिहितोच, पुस्तकात आहे. पण त्याखाली तीन प्रश्न लिहितो. हे पाणी कुठून, कशातून आलं? वाटेत त्यात काय मिसळलं असेल? आणि ते कोणी, कधी, कशानं तपासलं?

आपल्या शाळेत करून पाहायचं असेल तर आमची पद्धत सांगतो.

१. प्रत्येक मुलानं घरच्या पाण्याचा स्रोत लिहायचा: नळ, विहीर, बोअर, हातपंप की कॅन. जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांतल्या गावांसाठी वान धरणावरून १४० गावांची योजना आहे. नळाला पाणी आलं नाही त्या दिवशी घरात कुठलं पाणी पितात, हेही विचारायचं. खरं उत्तर त्या प्रश्नातच सापडतं.

२. स्रोताच्या भोवतीचा नकाशा काढायचा. संडास, गोठा, उकिरडा, नाला किती पावलांवर आहे ते मोजायचं.

३. ग्रामपंचायतीच्या पेटीनं वर्षातून निदान दोनदा तपासणी करायची, उन्हाळ्यात आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर. पावसानंतर पाणी कसं बदलतं हे मुलांना स्वतःला दिसलं पाहिजे.

४. आकडे भारतीय मानकाशी ताडून पाहायचे. सामू ६.५ ते ८.५. विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत, दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत. नायट्रेट ४५ मिलिग्रॅमपर्यंत. विष्ठेतून येणारे जंतू १०० मिलिलिटरमध्ये एकही नको.

५. आकडा मर्यादेबाहेर गेला तर मुलांना घाबरवायचं नाही. पेटीचा निकाल म्हणजे इशारा. पक्का निकाल प्रयोगशाळेतूनच घ्यायचा, आणि त्यासाठी ग्रामपंचायतीला पत्र मुलांनीच लिहायचं. मराठीचा पत्रलेखनाचा धडाही होतो.

पालकांना एकच विनंती. सहलीला, जत्रेला, तीर्थाला गेल्यावर झऱ्याचं पाणी कपाळाला लावा, पायावर घ्या, त्याची गोष्ट मुलांना सांगा. पण लहान बाळाला आणि आजारी माणसाला पाजण्याआधी थांबा. श्रद्धेचा त्यात अपमान नाही. ज्याला आपण तीर्थ म्हणतो त्याच्या वरच्या बाजूला घाण जाऊ नये याची काळजी घेणं, ही त्याची खरी पूजा.

आबा अजून आठवड्याला डायलिसिसला जातात. त्यांची नात यंदा दहावीला आहे. शाळेच्या पाणी-नोंदवहीवर तिचं अक्षर आहे. पहिल्या पानावर पहिली नोंद तिनं अशी केली आहे: "धारेचं पाणी. कॅन धुतला नव्हता. निकाल धरू नये." ते पान मी कुणालाही फाडू दिलेलं नाही.